कडेला सांडलेला लाल

त्या फोटोत माझ्या मुलाला पाय नव्हते.

म्हणजे होते, पण फोटोत आले नव्हते. निहार मांडीपासून खाली कापलेला होता. वर उघडं तोंड, नुकतेच आलेले दात, गळ्यात लाळेरं. खाली पांढऱ्या विजारीचा तुकडा आणि संपलं.

"बघ," मी मोबाइल तबस्सुमच्या डब्याशेजारी ठेवला. "आजही."

"काय आजही? हसतोय की मस्त."

"हसतोय ते दिसतंय मला. पाय कुठेत?"

तबस्सुमनं चपातीचा घास तोंडात टाकला, फोटो नीट पाहिला आणि म्हणाली, "पाळणाघरात राहिले असतील. संध्याकाळी जाशील तेव्हा मागून घे."

आता निहार सायकलवर शाळेत जातो, आणि मी फाटकाशी उभी राहिले तर म्हणतो, "आई, तू आत जा ना." पण तेव्हा तो वर्षाचा होऊन थोडेच दिवस झाले होते आणि मी नुकतीच कामावर परतले होते. नाशिकला गंगापूर रोडवर एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं छोटं ऑफिस होतं. येवल्याच्या पैठण्या आम्ही इंटरनेटवर विकायला मांडायचो. तबस्सुम साड्यांची वर्णनं लिहायची आणि मी फोटो बघायचे. फोटोग्राफरकडून आलेले फोटो विटांसारखे जड असत. गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर ते पटकन उघडले पाहिजेत म्हणून त्यातलं बरंचसं काढून टाकायचं, पण काढलंय हे डोळ्याला कळू द्यायचं नाही. एवढंच माझं काम, आणि ते मला चांगलं यायचं.

निहारला मी आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून कुंदामावशींच्या पाळणाघरात ठेवत होते. तळमजल्यावरचा ऐसपैस फ्लॅट, जाळी लावलेली गॅलरी, आणि या सगळ्यावर मावशींचा आवाज. पोरांपेक्षा आयांनाच त्यांचा धाक जास्त. सुटायच्या वेळेआधी कुणी आईनं दारात यायचं नाही, ही त्यांची शिस्त. "मधेच तोंड दाखवून जाता, मग रडं मी निस्तरायचं," असं त्या तोंडावर म्हणायच्या. त्याबदल्यात दुपारचं जेवण झालं की प्रत्येक आईला आपापल्या पोराचा एक फोटो यायचा, मावशींच्या जुन्या, लहान कॅमेऱ्याच्या मोबाइलवरून.

त्या फोटोची मी सकाळपासून वाट बघायचे आणि आला की खट्टू व्हायचे. कारण तो हसत असायचा. माझ्याकडे येताना तो असा हसत नव्हता. संध्याकाळी मी हात पुढे केले की आधी वळून मावशींच्या तोंडाकडे बघायचा, जाऊ का असं विचारल्यासारखा. त्याच्या डोक्याला मावशींच्या तेलाचा वास यायचा, माझ्या नव्हे. घरी नाचणीची खीर थुंकायचा; तिथं वाटी चाटून पुसून. एकदा घरी तो हात लांब करून सारखा "बू, बू" करत होता. माझ्या नवऱ्यानं, हर्षदनं, त्याला चेंडू दिला, मी भोंगा दिला, खिडकीतला कावळा दाखवला. तो रडून रडून लाल झाला. दुसऱ्या दिवशी मावशींना सांगितलं तर त्या हसल्या. "अगं, पाणी मागत होता. बू म्हणजे पाणी. एवढंही कळलं नाही होय तुला?"

माझ्या पोराची भाषा मला तिसऱ्या माणसाकडून शिकावी लागत होती.

आणि आता हे कापलेले फोटो. आधी पूर्ण यायचे. मांडी घालून बसलेला, पालथा पडलेला, पावलांची बोटं तोंडात घातलेला. पण हल्ली जो येईल तो अर्धाच.

डबा खाऊन झाला तोच भांडगेशेठचा फोन आला. येवल्याचे पैठणीवाले. मी फोन स्पीकरवर टाकला, कारण त्यांचा आवाज तसाही सगळ्या ऑफिसला ऐकू जायचा.

"ताई, आमची अब्रू काढायला बसलात का तुम्ही?"

"काय झालं शेठ?"

"त्या लाल काठाच्या पांढऱ्या पैठणीचा फोटो. काठाचा लाल पांढऱ्यावर उतरलाय. गिऱ्हाईक म्हणतंय, कच्चा रंग आहे, धुतली की जाईल. आमच्या तीन पिढ्यांत कुणी असं बोललं नव्हतं!"

"शेठ, साडीचा रंग पक्काच आहे. फोटोचा उतरलाय."

"फोटोचा कसा उतरतो?"

"साठवताना उतरतो. फोटो साठवताना त्याचे बारीक चौकोन पाडतात, आठ ठिपके रुंद, आठ ठिपके उंच. उजेड कुठं, सावली कुठं, हे त्यात बारकाईनं नोंदतात, कारण डोळा आधी तेच बघतो. रंग मात्र ढोबळ ठेवतात. चार ठिपक्यांत मिळून एक रंग. म्हणून जिथं भडक लाल संपून पांढरं सुरू होतं, तिथं लाल थोडा शेजारी सांडतो. साध्या डोळ्याला कळत नाही."

"गिऱ्हाइकाला कळलं ना!"

"त्यांनी बोटांनी मोठं करून बघितलं असेल."

"मग? पैठणी काय लांबून रामराम करून घेतात?"

तबस्सुमनं तोंडावर ओढणी धरली. मी शेठना संध्याकाळपर्यंत दुसरा फोटो टाकायचं कबूल केलं आणि मूळ फोटो उघडला. हे काम नेहमी मुळावरूनच करावं लागतं. एकदा हलका केलेला फोटो पुन्हा हलका करायला गेलं की आधीच्या चुकांवर नव्या चुका बसतात.

"आणि ते काढून टाकलेलं जातं कुठं?" तबस्सुमनं विचारलं. इतके दिवस शेजारी बसून तिनं हे कधी विचारलं नव्हतं.

"कुठंच नाही. हे बघ, एकेका चौकोनाचं वर्णन ठिपका ठिपका करून लिहीत नाहीत, लाटांनी लिहितात. मोठी संथ लाट किती, मधली किती, अगदी बारीक थरथर किती. संथ लाटा ठेवायच्या. बारीक थरथर फारशी कळत नाही, तिला शून्य लावायचं. शून्यांना जागा लागत नाही, म्हणून फोटो हलका. उघडताना उरलेल्या लाटांवरून चौकोन पुन्हा रचला जातो आणि आपल्याला वाटतं सगळं आहे तसंच आहे."

"म्हणजे फसवाफसवी."

"जिथं आकाश असतं, गाल असतो, तिथं छान फसतो आपण. जिथं एकदम धार असते, लाल काठ आणि लगेच पांढरं, तिथं थरथर काढली की धारेभोवती पाण्यावर उठावेत तसे तरंग उरतात. बघ, इथं दिसतात."

तिला दाखवता दाखवता मी शेठचं काम संपवलं. मग हात शिवशिवले. मी मोबाइलमधला निहारचा फोटो मोठ्या पडद्यावर घेतला आणि मोठा करत गेले. चेहरा गेला, लाळेरं गेलं, विजार आली, फोटोची खालची कड आली.

विजारीच्या शेवटच्या पट्टीवर गुलाबी डाग होता.

पुसट, चौकोनी कडांचा. त्याच्या आसपास पांढऱ्यावर बारीक तरंग. नुकतेच पैठणीत दाखवले होते तसेच.

"तबस्सुम, इकडे ये. या फोटोत लाल कुठं दिसतंय तुला?"

"कुठंच नाही. लाळेरं पिवळं. भिंत हिरवी."

"मग हा रंग आला कुठून? रंग शेजारून सांडतो. शेजारीच काहीतरी भडक लाल होतं, धारदार कडेचं, आणि ते कापून टाकलंय." मी फोटोतल्या उजेड-अंधारातला फरक ताणून वाढवला. चौकोनांची फिकट जाळी वर आली. एक नाही, दोन; एकीवर दुसरी, जरा सरकलेली. "हे बघ. आधी फोटो निघाला तेव्हा पहिली जाळी पडली. मग खालून कापून परत साठवला, तेव्हा दुसरी पडली. ओळी जुळत नाहीत. मावशींनी मुद्दाम कापलाय."

"अगं, अंगठा लागला असेल त्यांचा."

"रोज?"

मी आठवड्यातले आधीचे फोटो काढले. सगळे कापलेले. आणखी एकाच्या कडेला तोच गुलाबी.

तबस्सुमनं ते फोटो एकेक करून पाहिले. मग चाचरत म्हणाली, "सिलिंडर असेल."

"सिलिंडरशी उभं करतात माझ्या पोराला?"

"साडी असेल त्यांची. त्यांच्या मांडीवर उभा असेल."

ते मला सिलिंडरपेक्षा जास्त झोंबलं. मांडीवर उभा आहे आणि ते मला दिसू नये म्हणून मांडी कापली आहे! माझ्या डोळ्यांसमोर ती लाल साडी आली, तिच्यात तोंड खुपसणारा निहार आला. शिवाय लाल म्हटल्यावर आईच्या डोक्यात जे यायचं तेही आलंच. कुठं पडला असेल, लागलं असेल, पट्टी बांधून वरचं हसरं तोंड तेवढं पाठवत असतील.

"वृषाली," तबस्सुमनं माझ्या खुर्चीची पाठ धरली. "माझी झोया त्यांच्याकडेच वाढली. एक ओरखडा नाही आला कधी. किती निर्मळ बाई आहे ती. उगाच डोक्यात घेऊ नकोस. पोर चालायला लागू दे, मग बघ, तुझ्याच मागं मागं फिरेल. झोया रविवारी चालली ना, बरोबर मी घरी असताना, तेव्हापासून माझा पदर सोडेना."

"मी जाते."

"आत्ता? मावशी आत घेणार नाहीत."

"घेतील."

"साहेबांना काय सांगू?"

"काहीही सांग. दाढ दुखतेय सांग."

गाडी चालवताना मी सगळं ठरवून टाकलं. लपवाछपवी निघाली तर सोमवारपासून तो तिथं जाणार नाही. दुसरं पाळणाघर जवळ नव्हतं. म्हणजे नोकरी गेली. जाऊ दे. निदान बू म्हणजे काय ते मला आधी कळेल.

पाळणाघराच्या फाटकाशी गाडी लावली तेव्हा आतून आवाज येत होता. पीं. पीं पीं. मग धप्प, आणि मावशींचं खिदळणं. इतकं मोकळं हसताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मी बेल दाबली. आवाज थांबला.

"कोण आहे?"

"वृषाली."

आत धावपळ झाली. कपाटाचं दार वाजलं. बऱ्याच वेळानं मावशींनी जाळीच्या दाराआडून पाहिलं. कडेवर निहार, अनवाणी, घामेजलेला. त्यांच्या अंगावरची साडी निळी होती.

"आत्ता गं कशी? माझी बाकीची पोरं झोपलीयत."

"दार उघडा मावशी."

माझा चेहरा बघून त्यांनी उघडलं. मी आधी निहारचे पाय चाचपले, गुडघे, घोटे, तळवे. कुठं काही नव्हतं. तो गुदगुल्या झाल्यासारखा हसला आणि मावशींच्या मानेत शिरला. मी मोबाइल त्यांच्या नाकासमोर धरला.

"हे लाल काय आहे?"

"कुठं लाल?" त्यांनी डोळे बारीक केले. "धूळ आहे ती. काच पूस."

"धूळ नाही. ह्याच्या खाली काहीतरी लाल होतं. तुम्ही कापलंत."

"तुला कुणी सांगितलं?"

"फोटोनंच."

"बाई बाई! फोटो चहाड्या करायला लागले होय!"

"मावशी, चेष्टा नको. काही लपवत असाल तर सोमवारपासून मी त्याला आणणार नाही. मी नोकरी सोडेन, पण आणणार नाही."

मावशींचं हसू मावळलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "सोडायचीच होती तर जरा आधी सोडायची होतीस."

त्यांनी कपाट उघडलं आणि खालच्या खणातून काढून माझ्या हातात दिले ते लाल बूट होते. एवढेसे, टाचेत शिट्टी असलेले, किती पोरांच्या पायांतून गेलेले कोण जाणे. पुढची बोटं घासून पांढरी पडली होती. अजून कोमट होते.

"चालतोय गं तो," मावशी म्हणाल्या.

मी बूट धरून तिथंच पाटावर बसले.

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"कुठल्याच आईला सांगत नाही. पोर इथं उठतं, पडतं, पावलं टाकतं. दिवसभर इथंच असतं ना बिचारं. मग एक दिवस घरी चालतं. आई दुसऱ्या दिवशी धावत येते सांगायला. मी ऐकून घेते."

"सगळ्यांना असंच?"

"सगळ्यांना."

"तबस्सुमची झोया तर रविवारी..."

"झोया? ती त्या खिडकीपासून ह्या कपाटापर्यंत आली होती. बुधवारच्या उपासाची खिचडी टाकून धावले होते मी." त्यांनी बोट माझ्यावर रोखलं. "बोललीस तिच्यापाशी, तर बघ."

मला खरं तर आभार मानायला हवे होते. पण मी म्हटलं, "पूर्ण फोटो आहे?"

"आहे. बघू नकोस."

"दाखवा."

"एकदा बघितलंस की बघितलंस. मग घरचं पहिलं राहणार नाही."

"ते तसंही आता राहिलंय कुठं?"

त्यांनी निहारला माझ्या मांडीवर दिलं आणि फोन पुढे केला. फोटोत निहार खोलीच्या मधोमध होता, कशालाही न धरता. एक लाल बूट जमिनीवर, एक पार मांडीपर्यंत उचललेला. दोन्ही हात वर, पुढे पसरलेले. आणि तोंडावर तेच हसू, जे मी इतके दिवस माझ्यासाठी पाठवलेलं समजत होते. ज्या माणसाकडे तो निघाला होता ते माणूस फोटोत नव्हतं. फोन धरून समोर बसलं होतं.

ते बूट खिडकीतून रस्त्यावर भिरकावून द्यावेत असं मला वाटलं. मी ते घट्ट धरून बसले.

"आत्ता दाखवू?" मावशींनी हळूच विचारलं. "बूट चढवले की लगेच निघतो."

"नको!"

इतक्या जोरात ओरडले की आतल्या खोलीत कुणीतरी पोर दचकून रडायला लागलं.

"बरं, बरं. नको." त्यांनी फोन परत घेतला. "हा फोटो पाठवू का तुला?"

"पुसून टाका."

त्यांचा अंगठा पडद्यावर थांबला. "टाकणारच होते. एकाचाही ठेवत नाही मी. ठेवला तर कधीतरी कुठल्या तरी आईच्या हाती लागायचा." तरी अंगठा तिथंच. मग त्यांनी दाबलं. पडद्यावर दुसऱ्याच कुणाच्या तरी पोराचा फोटो आला, भात तोंडभर माखलेला. मावशी त्याच्याकडेच बघत राहिल्या. "माझ्याकडची किती पोरं चालली असतील, सांग. सगळी माझ्यासमोर. आणि मी पाहिलेलं नाही एकही."

मी निहारला उचललं. गाडी तिथंच ठेवून त्याला कडेवर घेऊन चालत घरी नेलं. वाटेत तो खाली उतरायला वळवळत होता. मी त्याचे पाय जमिनीला टेकू दिले नाहीत.

सोमवारी दुपारी फोटो आला. मांडीपासून वरचा.

घरी मात्र आमचे छोटे साहेब जागचे हलेनात. दुधावर नजर ठेवावी तशी मी त्याच्यावर नजर ठेवून होते आणि तो फरशीवर गोणीसारखा बसून राहायचा, नाहीतर रांगायचा. मी समोर बसून हात पसरायचे. चमचा वाजवायचे. पलंगाला धरून उभा करायचे. तो माझ्याकडे बघत सावकाश खाली बसायचा.

"तू अशी डोळे लावून बसलीस तर कोण चालेल?" हर्षद म्हणाला. "चालेल ना त्याची वेळ आली की."

"हो," मी म्हटलं. त्याला मी काहीच सांगितलं नव्हतं.

रोज संध्याकाळी न्यायला गेले की मावशी नुसती भुवई उंचवायच्या. मी मान हलवायचे. "आज वरण-भात जास्त खाल्ला," असं काहीतरी त्या म्हणायच्या आणि त्याला माझ्याकडे द्यायच्या. तो अजूनही आधी त्यांच्या तोंडाकडे बघायचा. तिथं तो दिवसभर घर पालथं घालत असेल, हे मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे त्यांना. रात्री मी त्याच्या तळव्यांना तेल लावताना विचारायचे, "कुणाकडे गेला होतास रे आज?"

मग एका सुट्टीच्या सकाळी मी कपडे मशीनमध्ये टाकले. निहार दाराच्या चौकटीला धरून उभा होता. मशीन सुरू झालं, काचेआड कपडे गरगर फिरायला लागले. त्यानं चौकट सोडली. मी मशीनच्या अलीकडेच उकिडवी बसले होते. हात आपोआप पुढे गेले. तो आला. एक पाऊल, डुगडुगला, आणखी एक. डोळे काचेवर. माझ्या पसरलेल्या हातांना वळसा घालून तो पुढे गेला, मशीनवर दोन्ही तळवे आपटून उभा राहिला आणि आत फिरणाऱ्या हर्षदच्या शर्टाकडे बघून खदखदून हसला.

"अगं, अगं, चालला! वृषाली, चालला! तू बघितलंस का?" हर्षद चहाचा कप तसाच घेऊन धावत आला, अर्धा चहा फरशीवर. "पहिल्यांदा! आपल्यासमोर! थांब, थांब, व्हिडिओ काढतो, परत चाल रे राजा!"

राजा परत चालला. मोटार थांबेपर्यंत त्यानं तीन-चारदा तेवढीच वाट केली, आणि दर वेळी मशीनकडेच.

हर्षदनं व्हिडिओ सगळ्यांना पाठवला. मालेगावहून सासूबाईंचा फोन आला, मीठ-मोहरी ओवाळ, लोकांची नजर वाईट असते. माझ्या आईनं फोनवरच डोळे पुसले. तबस्सुमनं लिहिलं, "म्हटलं नव्हतं? घरी असतानाच चालतात." मी त्यावर अंगठा दाखवला.

कुंदामावशींचं उत्तर सगळ्यांच्या नंतर आलं.

"अगंबाई! चालायला लागला? कधी??"

मी ते वाचत असतानाच खाली दुसरं उमटलं. "मला तर काही पत्ताच नाही!"

निहार मशीनच्या काचेला नाक लावून उभा होता. मी ओले हात पदराला पुसले आणि लिहिलं, "आत्ताच, मावशी. पहिल्यांदाच."

पाठवणार होते तेवढंच. मग थांबले, आणि पुढे आणखी एक शब्द घातला. "माझ्यासमोर."